स्वतःची साक्ष

जुन्या पनवेलात, लाइन आळीत किंवा वडाळे तळ्याच्या आसपासच्या घरांत, कोणी निवर्तले की पुढच्या दिवसांचा सारा शिरस्ता ठरलेला असतो: शेजारच्या घरून पिठले-भात येतो, दारात चपलांची रांग लागते, लांबचे आप्त एस.टी.ने नाहीतर हार्बरच्या गाडीने येऊन घटकाभर बसून जातात, दहाव्याला आणि तेराव्याला कोणी काय करावयाचे हे कोणाला विचारावे लागत नाही, आणि ज्याच्यावर प्रसंग कोसळला त्याने रडावे, गप्प बसावे, कामावर जाऊ नये, यात कोणाला वावगे वाटत नाही. परंतु ज्याच्यावर आपण सारा भरवसा टाकला तो जोडीदारच आपल्याला अंधारात ठेवून दुसऱ्या कोणाशी गुंतला होता हे एखाद्या रात्री उघड झाले, आणि त्यापायी अनेक वर्षांचा संबंध एका बैठकीत संपला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दुखावल्या जिवाला नेहमीची लोकल पकडून कामावर रुजू व्हावेच लागते. भेटीला कोणी येत नाही. रजेच्या अर्जात लिहिण्याजोगे कारण सापडत नाही. संबंध विवाहाचा नसला तर घरच्यांना तो ठाऊक असेलच असेही नाही.

केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ मध्ये अशा दुःखांचा स्वतंत्र विचार मांडला. ज्या हानीला समाज हानी म्हणून मान्यताच देत नाही, तिचा शोक माणसाला चोरून करावा लागतो, आणि चोरून केलेला शोक लांबतो, असे त्याचे प्रतिपादन होते. आपल्याकडे पूर्वी कित्येक शेतकरी व कारागीर जातींत पंचांसमक्ष काडीमोड होई, फारकतीचा कागद होई. त्या पद्धतीत अन्याय, विशेषतः स्त्रीवरील अन्याय, पुष्कळ होता आणि ती पुन्हा यावी असे कोणी शहाणा म्हणणार नाही, तथापि संबंध संपला हे चार माणसांसमोर एकदा मोठ्याने उच्चारले जाई, एवढी एक गोष्ट तीत होती. आजच्या प्रेमसंबंधाचा शेवट बहुधा मोबाईलवरील एका संदेशाने होतो, आणि त्याला साक्षीदार नसतो.

विश्वासघातातून उद्भवणारे दुःख हे केवळ वियोगाचे दुःख नव्हे, ही गोष्ट प्रथम नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढील सारे विवेचन तिच्यावरच उभे आहे. प्रिय माणूस मृत्यूने नेला किंवा परिस्थितीने दुरावला, तर त्याच्यासह घालविलेला काळ आपल्यापाशी शाबूत राहतो. त्या काळाच्या आठवणी रडवतात, परंतु त्या आपल्या असतात. फसवणूक झालेल्या माणसाचे तसे नाही. त्याचा भविष्यकाळ तर जातोच, पण त्याबरोबर भूतकाळही हातातून निसटतो, कारण मागे वळून पाहताना प्रत्येक प्रसंगापाशी तोच प्रश्न उभा असतो: तेव्हाही हे चालूच होते काय? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉनी जॅनॉफ-बुलमन यांनी १९९२ मध्ये आघातांविषयीच्या आपल्या ग्रंथात दाखविले की जग बरेचसे भले आहे, त्यात काही अर्थ आहे आणि आपण स्वतः मोलाचे आहोत, या तीन अव्यक्त गृहीतांवर माणसाचा दैनंदिन व्यवहार चालतो, आणि मोठा आघात या गृहीतांनाच तडा देतो. आपल्या विषयापुरते मी त्यात चौथे एक गृहीत घालू इच्छितो, ते म्हणजे आपण जे पाहिले, ऐकले, अनुभवले ते खरे होते हे. माझ्या मते विश्वासघाताचा खरा घाव इथे बसतो, आणि बरे होण्याचा मार्गही इथूनच जातो.

माझ्या परिचयाच्या घरातील एका तरुणीची हकीगत तिच्या संमतीने, ओळख राहणार नाही अशा बेताने, इथे सांगतो. नव्या पनवेलात राहणारी, बेलापूरला नोकरीस जाणारी ही मुलगी. ज्याच्याशी लग्न ठरण्याच्या बेतात होते त्याचे खोपोलीकडे काम असे, आणि रविवारी साइटवर जावे लागते असे तो सांगत असे. ते रविवार साइटवर जात नव्हते हे कळल्यावर तिने त्याच्याशी संबंध तोडला, तोही निर्धाराने, एका दिवसात. परंतु त्यानंतर कित्येक आठवडे रात्री जेवणे आटोपली की ती दोनशे पानी वही उघडून बसे. वहीत पट्टीने आखलेले तीन रकाने होते: पहिल्यात तारीख, दुसऱ्यात तो काय म्हणाला होता ते निळ्या शाईने, आणि तिसऱ्यात खरे काय होते ते लाल शाईने. जुने फोटो, पैसे पाठविल्याच्या नोंदी, संदेशांच्या वेळा, मैत्रिणीने सहज सांगितलेले काही, हे सारे पडताळून ती तिसरा रकाना भरीत असे. एका पानावर ऑगस्टमधल्या एका दिवसाची नोंद होती. त्या दिवशी दोघे कर्नाळ्याच्या अभयारण्यात गेली होती. १९६८ मध्ये स्थापन झालेले हे अभयारण्य पनवेलकरांच्या इतके जवळचे की पावसात एखादी सकाळ मोकळी सापडली तर पाय तिकडेच वळतात. त्या दिवसापुढचा तिसरा रकाना मात्र रिकामा होता. वही माझ्यापुढे करून ती म्हणाली, "काका, त्या दिवशी ओढ्यापाशी कस्तुराची शीळ ऐकली आम्ही. कितीतरी वेळ उभे होतो. ते तरी खरं होतं का?"

विश्वासघातानंतर मनात अशी एक कचेरीच बसते. दप्तरे निघतात, जबान्या होतात, जुने कागद पुन्हा तपासले जातात, आणि फिर्याद कितीही स्पष्ट असली तरी फैसला होत नाही, पुढली तारीख पडते. पुष्कळ हितचिंतक अशा वेळी म्हणतात की हे सारे सोडून दे, आठवूच नकोस. हा सल्ला कळकळीचा असला तरी निरुपयोगी आहे, आणि त्याचे कारण प्रयोगाने सिद्ध झाले आहे: डॅनियल वेग्नर याने १९८७ मध्ये काही व्यक्तींना पांढऱ्या अस्वलाचा विचार काही वेळ मुळीच करू नका असे सांगितले, तेव्हा ते अस्वल त्यांच्या मनात वारंवार आलेच, आणि बंदी उठल्यावर तर ते अधिकच येऊ लागले. शिवाय तपास करणे हे मुळात वेडेपण नव्हे. ज्याचा भूतकाळ कोणी परस्पर खोटा पाडला, त्याने तो पुन्हा मांडून पाहणे हा त्याचा हक्कच आहे. बिघाड होतो तो पुढे, जेव्हा त्या कचेरीत फिर्यादीच हळूहळू आरोपी होऊन उभा राहतो आणि मूळचा प्रश्न बाजूला पडून दुसराच प्रश्न विचारला जाऊ लागतो: मला कसे कळले नाही? मी इतकी भोळी कशी? सारे डोळ्यांसमोर असून मी आंधळा कसा?

या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते प्रत्येक फसविल्या गेलेल्या माणसापर्यंत पोहोचले पाहिजे असे मला मनापासून वाटते. चार्ल्स बाँड आणि बेला डिपॉलो या संशोधकांनी खरे-खोटे ओळखण्याच्या शेकडो प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून २००६ मध्ये असे दाखविले की समोरचा खोटे बोलतो की खरे, हे माणसांना सरासरी शंभरात ५४ वेळाच बरोबर ओळखता येते; म्हणजे नाणे उडवून जेवढे साधेल त्याहून फारसे अधिक नाही. टिमथी लेव्हीन याने पुढे याची मीमांसा अशी केली की ऐकलेले खरे मानून चालणे हा मनुष्याचा मूळ कल आहे आणि तो असल्याविना कुटुंब, बाजार, शाळा, काहीच चालणार नाही. जेनिफर फ्रेड यांचे म्हणणे तर याहून मार्मिक आहे. ज्या माणसावर आपले जीवन अवलंबून आहे त्याच्याकडून घात होत असता तो न दिसणे हे पुष्कळदा मनाचे स्वसंरक्षणच असते, असे त्यांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात मांडले; कारण घात दिसला तर संबंध तोडावा लागेल, आणि संबंध तोडण्याचे सामर्थ्य त्या घडीला नसते, म्हणून नजर त्या बाजूला वळतच नाही. तेव्हा 'मला कळले नाही' ही विश्वास ठेवणाऱ्याच्या बुद्धीची उणीव नसून, खोटे बोलणाऱ्याने त्या विश्वासाचा घेतलेला फायदा आहे. दोष कोणाच्या नावे लिहावयाचा याबद्दल इथे यत्किंचितही संदेह राहू नये.

देहालाही हे सारे सोसावे लागते. ईथन क्रॉस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी, नको असता संबंध तुटलेल्या ४० व्यक्तींना त्यांच्या दुरावलेल्या जोडीदाराचे छायाचित्र दाखवून मेंदूचे चित्रण केले, तेव्हा हातावर चटका बसल्यावर मेंदूचे जे भाग जागे होतात त्यांतील काही त्या छायाचित्रानेही जागे झाले; हा निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे २०१४ मध्ये अधिक सूक्ष्म पृथक्करण झाले आणि दोन्ही वेदनांचे ठसे एक नसून वेगवेगळे आहेत असे दिसले, म्हणून 'मनाची वेदना ती देहाचीच' असे सरसकट म्हणणे बरोबर नव्हे. तरी छातीत दुखते, अन्न उतरत नाही, पहाटे तीनला डोळे उघडतात, हे सारे कल्पनेतले नाही एवढे निश्चित. तीव्र मानसिक धक्क्याने हृदयाचा एक कप्पा काही काळ दुर्बळ होऊन हृदयविकाराच्या झटक्यासारखी लक्षणे उमटतात, असा ताकोत्सुबो नावाचा विकार जपानी वैद्यांनी १९९० मध्ये वर्णिला आहे. तो बहुतांशी उतारवयातील स्त्रियांत आढळतो आणि बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत बरे होतात. पण छातीत कळ आली असता 'मनाचंच आहे' म्हणून घरी बसू नये, रुग्णालय गाठावे. हेलन फिशर यांनी २०१० मध्ये, नाकारल्या गेलेल्या परंतु अद्याप प्रेमात असलेल्या १५ स्त्री-पुरुषांच्या मेंदूचे चित्रण केले, त्यातून दोन गोष्टी निष्पन्न झाल्या. पहिली अशी की व्यसनाच्या तल्लफेशी निगडित असलेले मेंदूचे भाग त्यांच्यात जागृत होते. म्हणून ज्याने फसविले त्याच्याच फोनची वाट पाहिली जाते, आणि त्या वाट पाहण्याची मग लाज वाटते, ती वाटून घेण्याचे कारण नाही. दुसरी अधिक आशादायक: ताटातुटीला जितके अधिक दिवस लोटले होते, तितकी आसक्तीशी संबंधित एका भागातील हालचाल मंदावलेली होती.

आपल्या भाषेत या विषयाचा विचार करताना लक्ष्मीबाई टिळकांचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. त्यांच्या प्रसंगात दुसरी स्त्री नव्हती, आणि त्यांचे पती रेव्हरंड ना. वा. टिळक यांच्या निष्ठेबद्दल शंका घ्यावी असे काही नाही, हे आधीच स्पष्ट करतो. तथापि १८९५ च्या फेब्रुवारीत टिळकांनी मुंबईस ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली ती पत्नीला विश्वासात न घेता. लक्ष्मीबाईंच्या सोवळ्या-ओवळ्यात वाढलेल्या जगात त्या एका कृत्याने त्यांचा संसार, त्यांची जात आणि त्यांचे भविष्य एकाच क्षणी हिरावून घेतले. लहान मुलाला घेऊन त्यांनी नातलगांच्या आश्रयाने कित्येक वर्षे पतीपासून दूर काढली. पुढे त्या अहमदनगरला टिळकांकडे राहावयास गेल्या तेव्हाही आपला आचार सांभाळूनच, आणि नवा धर्म त्यांनी स्वीकारला तो आणखी काही काळाने, स्वतःच्या मनाला पटल्यावर. त्यांच्या परतण्यावरून कोणी असा बोध काढू नये की दुखावलेल्याने परतलेच पाहिजे. त्यांचा प्रसंग निराळा, काळ निराळा. मला मोलाचे वाटते ते त्यांचे 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र. टिळकांच्या निधनानंतर पंधरा वर्षांनी, १९३४ मध्ये, त्याचा पहिला भाग ग्रंथरूपाने आला, आणि त्यात धर्मांतरापूर्वीचा संसार मोठ्या मोकळेपणाने आला आहे; त्यातील हसण्याच्या जागांवर नंतरच्या दुःखाची सावली पाडलेली नाही. नवऱ्याचा लहरीपणा लहरीपणा म्हणून येतो, प्रेम प्रेम म्हणून येते, आणि तो काळा दिवस काळा म्हणूनच येतो. एका घटनेने आपला आधीचा सारा अनुभव रद्द ठरवावयाचा, हे त्यांनी केले नाही. त्या काळाची साक्ष त्यांनी स्वतःपाशी ठेवली, दुसऱ्या कोणाच्या कृत्याच्या हवाली केली नाही.

त्या मुलीला मी हेच माझ्या शब्दांत सांगितले. त्या सकाळी तो खरा होता की खोटा, हे तुला कधीच निश्चित कळणार नाही, आणि त्याने स्वतः येऊन सांगितले तरी त्याच्या शब्दावर आता तू भरवसा ठेवणार नाहीस. पण कस्तुराने शीळ घातली होती की नाही, याला तुझे कान पुरेसे आहेत. ती काही बोलली नाही. बऱ्याच दिवसांनी तिने ते पान पुन्हा दाखविले. रिकाम्या रकान्यात, लाल नव्हे तर निळ्याच शाईने, लिहिले होते: 'पाऊस होता. शीळ ऐकली. मला आनंद झाला होता.' तिसरा रकाना त्याचे सत्य लिहिण्यासाठी आखला होता, तिथे तिने स्वतःचे लिहिले. माझ्या दृष्टीने तिच्या बरे होण्याचा आरंभ त्या तीन ओळींत आहे.

लिहिण्याचा उपाय यामुळेच मोठ्या विवेकाने सांगावा लागतो. जेम्स पेनबेकर याने १९८६ पासून दाखवून दिले की ओळीने चार दिवस, दररोज पंधराएक मिनिटे, आपल्या सर्वांत क्लेशदायक अनुभवाविषयी मोकळेपणाने लिहिल्याने पुष्कळांच्या प्रकृतीस पुढे गुण येतो. परंतु डेव्हिड स्बारा आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये नुकत्याच विभक्त झालेल्या लोकांवर हाच प्रयोग केला तेव्हा उलट अनुभव आला: जे आधीपासूनच 'असे का झाले' याचा अर्थ शोधण्यात गढलेले होते, त्यांचे दुःख भावना ओतून लिहिल्याने लांबले, आणि दिवसभरात काय केले एवढेच साधे लिहिणाऱ्यांचे लवकर निवळले. स्वभावाने जे उकरत बसणारे आहेत त्यांनी म्हणूनच रोजकीर्द ठेवावी: आज काय रांधले, कोण भेटले, किती चाललो. ज्यांना मन बोलकेच करता येत नाही त्यांनी खुशाल चार दिवस सारे लिहून काढावे. आणि तपास करावयाचाच असेल तर त्याला मुदत घालावी. संध्याकाळचा अर्धा तास, ठरलेल्या जागी, आणि झोपण्याच्या खोलीत मुळीच नाही. समोरच्याच्या मोबाईलवरील हालचाली पाहणे मात्र पूर्ण बंद केले पाहिजे. तिथे नवे काही सिद्ध होत नाही, फक्त जखम ताजी राहते.

पनवेलसारख्या गावात या दुःखाला दोन निरनिराळी वातावरणे लाभतात. १८५२ पासून नगरपालिका असलेले जुने पनवेल आणि सिडकोने वसविलेली नवे पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर ही उपनगरे २०१६ मध्ये एकाच महानगरपालिकेत आली, पण माणसांच्या राहणीतले अंतर मिटले नाही. जुन्या गावात बातमी किराणा दुकानापर्यंत आपल्या आधी पोहोचते, आणि 'काय गं, ऐकलं ते खरं का?' या एका प्रश्नाने भाजी आणावयास जाणेही नकोसे होते; तिथे दुखावलेल्याने दोन वाक्ये आधीच ठरवून ठेवावी आणि सर्वांना तीच सांगावी: 'आमचं जमलं नाही, संपलं. जास्त बोलायची इच्छा नाही.' स्टेशनपलीकडच्या इमारतींत प्रश्न उलटा आहे. तिथे समोरच्या दारातल्या माणसाचे नाव ठाऊक नसते, आणि शुक्रवारी संध्याकाळी घरात शिरलेली व्यक्ती सोमवारपर्यंत कोणाशी एक शब्द बोललेली नसते. माझ्या मते हे दुसरे अधिक घातक आहे. चौकशीचा जाच सोसवतो. साक्षीदारच नसणे सोसवत नाही. पुण्याच्या नारी समता मंचाने आपल्या केंद्राला 'बोलते व्हा' हे नाव दिले, त्यामागे हेच शहाणपण असले पाहिजे.

कायद्याकडून या बाबतीत फार अपेक्षा ठेवू नये. व्यभिचाराला गुन्हा ठरविणारे दंडसंहितेचे ४९७ वे कलम, ज्याखाली फिर्यादीचा अधिकार नवऱ्यालाच होता आणि बायकोला नव्हता, सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केले. हिंदू विवाह कायद्याखाली व्यभिचार हे घटस्फोटाचे कारण मात्र अद्याप आहे. विवाहितांनी पैसा, घर, मुले यांचा विचार वकिलाच्या सल्ल्याने आणि शक्यतो पहिला क्षोभ ओसरल्यावर करावा. न्यायालय मालमत्तेची आणि पोटगीची व्यवस्था लावील. दुसऱ्याने अपराध कबूल करावा, त्याच्या डोळ्यांत पश्चात्ताप दिसावा, ही जी आतली मागणी असते ती मंजूर करण्याचा अधिकार कोणत्याही न्यायाधीशाला नाही. क्षमेचेही तसेच. क्षमा करणे थोर असेल, पण ती बरे होण्याची अट नव्हे, आणि 'माफ करून टाक, तुलाच हलकं वाटेल' असे पहिल्या महिन्यात सांगणारा मनुष्य दुखावलेल्यावर आणखी एक काम लादीत असतो.

झोप व भूक दोन आठवड्यांहून अधिक काळ गेलेली असेल, कामात मन अजिबात लागत नसेल, नशेचा आधार घ्यावासा वाटू लागला असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यात विलंब करू नये. आणि जगणे नकोसे झाल्याचा विचार एकदा जरी मनात डोकावला तरी त्याच घडीला जवळच्या माणसाला सांगावे आणि १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. २०२२ पासून चालू असलेली ही शासनाची टेलिमानस सेवा विनामूल्य आहे, अहोरात्र आहे, आणि तिथे मराठीत बोलता येते.

राहिली गोष्ट भोवतालच्या माणसांची. मैत्रिणीने, भावाने, आईने अशा वेळी 'बरं झालं, आधीच कळलं', 'तुला त्याच्याहून चांगला मिळेल', 'आम्हाला तो पहिल्यापासून पसंत नव्हता' यांपैकी एकही वाक्य उच्चारू नये, आणि शेवटचे तर कधीच नाही, कारण ते ऐकणाऱ्याच्या पारखेवर पुन्हा एकदा ठपका ठेवते. तीच हकीगत पाचव्यांदा सांगितली जाईल. ती पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकावी. रविवार मोकळा ठेवावा, कारण बहुतेकांना रविवारच खायला उठतो. डबा न्यावा आणि समोर बसून दोन घास पोटात जातील असे पाहावे, बँकेतले संयुक्त खाते बंद करावयाचे असेल तर सोबत जावे, त्याच्या वस्तू पिशवीत भरून परत पाठवावयाच्या असतील तर ती पिशवी आपण न्यावी. आणि ती म्हणाली की तेव्हा मला खरेच सुखी वाटत होते, तर तिचे म्हणणे खोडू नये.